सासऱ्यांचं नाव काढलं

जावई त्या दिवशी नुसता खोकला होता. पुढे जे काही झालं ते सगळं त्या एका खोकल्यातून झालं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सासऱ्यांच्या परसात घरची मंडळी एका टोपलीभोवती उभी होती. टोपलीत नऊ अंडी होती आणि अंड्यांवर बसणारी कोंबडी नव्हती. सकाळीच गल्लीतल्या कुत्र्याने डाव साधला होता. डोक्यावर पिसांचा तुरा असलेली ती कोंबडी साधीसुधी नव्हती. तिच्या आजीला सासूबाईंनी तळहातावर दाणे देऊन वाढवलं होतं. मग सासूबाई गेल्या, त्यांच्यामागे तुरेवाल्या कोंबड्याही एकेक करून गेल्या, आणि ही शेवटची होती. म्हणजे ही नऊ अंडी वाया गेली, की सासूबाईंच्या हातचं असं त्या घरात चालतंबोलतं काही उरणार नव्हतं. सासरे हे बोलत नव्हते. ते टोपलीकडे बघत चष्मा पुसत होते. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होते.

"कोणाकडे तरी खुडूक कोंबडी असेल की," जावयाची बायको म्हणाली. खुडूक म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसलेली, हलवलं तरी न हलणारी कोंबडी. पण आजूबाजूला सगळीकडे विचारून झालं होतं. खुडूक कोणीच नव्हतं.

"मग ऑम्लेट," मेहुणे म्हणाले. बायकोचे हे थोरले भाऊ कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे दुःखाच्या प्रसंगीही त्यांना चटकन निष्कर्ष काढायची सवय होती.

नेमका त्याच वेळी जावई खोकला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लग्न होऊन एवढे दिवस झाले, पण जावई त्या घरात आपणहून कधी काही बोलला नव्हता. ("हो", "नको" आणि "बसा ना" एवढ्यावर त्याचं छान भागत होतं.) त्यामुळे त्याचा खोकलासुद्धा बातमी होती.

"काही म्हणालात, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

जावई काहीच म्हणाला नव्हता. पण सासऱ्यांनी इतक्या आशेने विचारलं होतं, की 'घशात धूळ गेली' असं सांगायचा त्याला धीर होईना.

"मी… उबवतो," तो म्हणाला.

"स्वतः?" मेहुण्यांनी विचारलं.

"पेटीत. बल्ब लावून. तो इनक्युबेटर असतो ना, तसा."

"बरोबर आहे," मेहुणे म्हणाले, "अंड्यांचा यांना दांडगा अनुभव आहे. शाळेत दर परीक्षेला मिळायची."

सगळे हसले. जावईही हसला, कारण ते खरं होतं. गणितात त्याला इतकी अंडी मिळाली होती, की आठवीत टोपली भरली आणि त्याने शाळेचा निरोप घेतला. हसले नाहीत ते फक्त सासरे. त्यांनी टोपली उचलली, अंडी मोजली (ते पोस्टातून निवृत्त झाले होते, मोजल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नसत) आणि टोपली जावयाच्या हातात दिली.

"सांभाळा," एवढंच म्हणाले.

बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या जावयाला वाटलं, आपण मघाशी गुपचूप पाणी प्यायला हवं होतं.

जावई एका लॉन्ड्रीत इस्त्री करायचा, त्यामुळे उष्णतेशी त्याची जुनी ओळख होती. सुती कापडाला किती ताव लागतो, रेशमाला किती, हे त्याच्या मनगटाला आपोआप कळायचं. अंडं म्हणजे नायलॉनच्याही खालचं काहीतरी, एवढा अंदाज त्याने बांधला. बाकीचं मोबाइलवर बघून शिकायचं ठरवलं. एका व्हिडिओत सांगितलं होतं, पेटीचं झाकण अजिबात उघडू नका. दुसऱ्यात सांगितलं होतं, रोज उघडून वारा द्या. तिसऱ्यात एक माणूस काहीच न बोलता नुसता हसत होता आणि त्याच्या अंगाखांद्यावर पिल्लं चढत होती. जावयाने तिसऱ्यावर विश्वास ठेवला.

त्याने थर्माकोलचा एक खोका आणला. त्यात बल्ब बसवला, पेटी हवी तेवढी गरम झाली की बल्ब आपोआप बंद करणारं बोटभर यंत्र बसवलं, जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावला, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी ठेवली. आत बघायला झाकणात काच हवी होती, म्हणून लग्नाच्या फोटोची काच काढली. (त्या फोटोत जावई डोळे मिटून उभा होता, त्यामुळे काचेचा तिथे तसा उपयोग नव्हताच.) पहिल्या चाचणीत पेटीत मेणबत्ती ठेवून पाहिली, तर ती कमरेत वाकली. दुसऱ्या चाचणीला ताठ उभी राहिली. तेव्हा कुठे जावयाने अंडी आत ठेवली.

आता प्रश्न आला अंडी उलटी करण्याचा. कोंबडी बसल्या बसल्या अंडी फिरवत असते. पेटीत ते काम माणसाला करावं लागतं, दिवसातून तीनदा.

"कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं, हे कसं कळणार?" जावयाने विचारलं.

"सोपं आहे," बायको म्हणाली. "प्रत्येकाच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली मारा."

जावयाने पेन्सिल घेतली आणि त्याचा हात थांबला. त्याच्या वहीवर आयुष्यात इतक्या फुल्या पडल्या होत्या, की जिवंत गोष्टीवर फुली मारायला त्याचं मन होईना.

"त्यापेक्षा नावं लिहितो," तो म्हणाला.

आणि लिहिली. सासूबाईंच्या कोंबडीची अंडी, म्हणून सगळी नावं तिकडचीच. सासूबाई, मामा, आत्या, मावशी, मेहुणे, वहिनी म्हणजे मेहुण्यांची बायको, मग त्याची स्वतःची बायको. सगळ्यांत मोठ्या, गुळगुळीत अंड्यावर ठळक अक्षरात 'सासरे'.

"अहो, 'बाबा' लिहा ना. 'सासरे' काय?"

"'बाबा' लिहिलं तर तुझे की माझे, कसं कळणार?"

शेवटी एक अंडं उरलं. त्यावर त्याने संकोचाने, मुंगीएवढ्या अक्षरात 'जावई' लिहिलं.

तेव्हापासून घराला नियम लागला. सकाळी नावं वर, दुपारी नावं खाली, झोपताना पुन्हा वर, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर याच्या उलट. दुपारच्या पाळीसाठी जावई लॉन्ड्रीतून धावत घरी जायचा.

"कुठे निघालास?" लॉन्ड्रीच्या मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"घरी. मंडळींना उलटं करायचंय."

मालकांनी जरा विचार केला. "सगळ्यांना?"

"हो. सासऱ्यांपासून सुरुवात करतो."

त्यानंतर बरेच दिवस मालक त्याच्याशी फार जपून बोलत होते.

आठवडा झाला. आता अंड्याला बॅटरी लावून बघायची वेळ आली. उजेडात लाल शिरा आणि हलणारा ठिपका दिसला तर आत जीव आहे, आरपार नुसता उजेड दिसला तर अंडं रिकामं. जावयाला सकाळपासून दरदरून घाम फुटला होता. (परीक्षेचा निकाल त्याने कधीच स्वतः बघितला नव्हता, नेहमी दुसऱ्याला पाठवायचा.) तो लॉन्ड्रीत निघून गेला आणि पाहण्याचं काम बायकोवर सोपवलं. थोड्याच वेळात तिचा फोन आला.

लॉन्ड्रीत त्या वेळी बाकावर पेपर वाचत एक गिऱ्हाईक बसलं होतं. सासऱ्यांचे बुद्धिबळाचे जोडीदार. त्यांना सगळे 'वजीर' म्हणायचे, कारण तो पहिल्या दहा चालींत गमवायचा त्यांचा शिरस्ता होता. त्यांची पँट जावयाच्या इस्त्रीखाली होती. जावयाने मोबाइल कानाशी मानेत धरला होता, त्यामुळे वजिरांना बोलण्यातली फक्त जावयाची बाजू ऐकू येत होती.

"मामा कसे आहेत?" जावयाने विचारलं.

"मामा झकास," बायको म्हणाली. "लाल लाल शिरा दिसतायत."

"आत्या?"

"आत्या नाचतेय."

"मेहुणे?"

"दादामध्ये वरच्या बाजूला हवा बरीच आहे हो."

"असू दे, ती वरच्या बाजूलाच असावी लागते," जावई मनापासून म्हणाला. "सासूबाई?"

"आईला क्षणभर उसंत नाही. नुसत्या उड्या."

"आणि सासरे?"

पलीकडून आवाज येईना.

"अगं, बोल ना. सासरे कसे आहेत?"

"काहीच दिसत नाही हो. शीर नाही, ठिपका नाही. आरपार उजेड."

"हालचाल?"

"अजिबात नाही."

जावयाच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. "म्हणजे… सासरे गेले?"

मागे पेपर खाली पडल्याचा आवाज आला.

"बाहेर काढून ठेवू का?" बायकोने विचारलं.

"नको नको! इतक्यात बाहेर काढू नकोस. दुपारी मी आलो की बघू. वास तर येत नाही ना?"

जावयाने फोन ठेवून मागे पाहिलं, तेव्हा बाक रिकामा होता. आणि जळका वास येत होता. इस्त्री थांबली होती ती वजिरांच्या पँटवर.

पुढचं वजिरांनीच नंतर सगळ्यांना सांगितलं. ते तडक सासऱ्यांच्या घरी गेले. वाटेत डोळे पुसले. दारात थांबून आणखी एकदा पुसले. दार वाजवलं, तर दार सासऱ्यांनीच उघडलं. हातात चहाचा कप होता.

"तू कसा काय?" वजीर किंचाळले.

"मी कसा काय म्हणजे? घर माझं आहे."

"पण तू गेलास ना?"

"कुठे?"

"कायमचा!"

"कोण म्हणालं?"

"तुझा जावई. शुद्धीत असलेला माणूस. इस्त्री करता करता म्हणाला. वर बायकोला विचारत होता, वास येतो का."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि मेहुण्यांना हाक मारली.

इकडे जावयाने घरी येऊन स्वतः बॅटरी लावून पाहिलं. बायकोचं बरोबर होतं. सासरे रिकामे होते. त्याने भीत भीत शेजारचं अंडं उजेडात धरलं. त्यावर बारीक अक्षरात 'जावई' होतं आणि आतला ठिपका असा धडपडत होता, की जणू त्याला बस पकडायची होती.

"रिकामं आहे ते काढून टाका," बायको म्हणाली. ती पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसायची आणि तिची कामाची वेळ झाली होती. "अंडं आहे ते, बाबा नाहीत." आणि गेली.

पण जावयाला ते जमेना. पिल्लं निघतील तेव्हा सासरे येणार. आल्या आल्या मोजणार. मग नावं वाचणार. ज्या माणसाने सगळे हसत असताना न हसता टोपली हातात दिली, त्याला काय सांगायचं? तुमच्या नावाचं रिकामं निघालं, माझ्या नावाचं मात्र भरलेलं आहे?

पेन्सिलीच्या मागे रबर होता. जावयाने दोन्ही नावं हळूच पुसली आणि अदलाबदल करून लिहिली. 'सासरे' ठळक, 'जावई' बारीक. त्याला एकदम हलकं वाटलं. पेटीत एक जण रिकामा राहिला होता खरा, पण त्याची सवय असलेला.

त्याने झाकण लावलं आणि पेटीतला बल्ब विझला. छोटा पंखा थांबला. छतावरचा पंखाही थांबला. बाहेर खांबावर चढलेला माणूस खालच्या माणसाला म्हणाला, "गेली का रे?" खालचा म्हणाला, "गेली."

आता खरं तर पेटीवर रजई टाकून जावई गप्प बसला असता, तरी दोन-तीन तास अंड्यांच्या केसालाही धक्का लागला नसता. (अंड्यांना केस नसतात, पण जावयाला त्या वेळी एवढंही सुचत नव्हतं.) हे त्याला फार नंतर कळलं. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर एकच शब्द उभा राहिला, 'सांभाळा'. त्याने स्वेटर घातला, तो पँटमध्ये खोचला, नऊच्या नऊ अंडी एकेक करून पोटाशी ठेवली, वरून रजई गुंडाळली आणि पलंगावर भिंतीला टेकून बसला. दुपारची वेळ. घामाच्या धारा लागल्या. पण थर्मामीटर पोटाशी धरून पाहिलं, तर बरोबर हवा तेवढाच ताव होता. जावयाला स्वतःच्या पोटाचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात दार ढकलून सासरे आत आले. मागे मेहुणे. त्यांच्या मागे वजीर.

"मी गेलो म्हणे?" सासरे गरजले.

"या ना," जावई म्हणाला. "बसा ना."

"बघा," मेहुणे म्हणाले. "वडील दारात उभे आहेत आणि हे बसल्या जागेवरून उठतही नाहीत."

"उठता येत नाही."

"का? पाय मोडला?"

"नाही. सासरे पोटाशी आहेत."



"कोणाचे सासरे?" वजिरांनी हळूच विचारलं.

"माझेच. हे." जावयाने मानेने सासऱ्यांकडे खूण केली. "हे इथे डाव्या बाजूला आहेत. मामा उजवीकडे. आणि वहिनी जरा खाली घसरल्यात, म्हणून हलता येत नाही."

"वहिनी?" मेहुणे एक पाऊल पुढे आले. "म्हणजे माझी बायको? कुठे घसरली?"

जावयाने घसरण्याची जागा दाखवली. मेहुण्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अंग भाजतंय. हा तापात बरळतोय."

सासऱ्यांनी मात्र रजईचं टोक उचललं. मग स्वेटरची कड उचलली. पोटाला खेटून अंडी बसली होती. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि एकेक नाव वाचत गेले. मोजतही होते, ओठ हलत होते.

"लाइट गेली," जावई पुटपुटला. "थंड झाली असती. आणि सकाळी तुम्ही गेलात असं वाटलं, म्हणजे तुम्ही नाही, अंडं. पण आता बरे आहात. आता चांगल्या उड्या मारताय."

(आणि हे काही खोटं नव्हतं.)

सासऱ्यांचं बोट एका अंड्यापाशी थांबलं. "हिचं काय?"

"सासूबाई? त्या पहिल्यापासून उत्तम. सगळ्यांत जास्त हालचाल त्यांची."

"असणारच," सासरे म्हणाले. "एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं."

मग त्यांनी ते अंडं दोन्ही हातांत घेतलं, सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि जावयाच्या शेजारी पलंगावर बसले.

"दोघांनी बघत काय उभं राहायचं?" ते थोड्या वेळाने म्हणाले. "एकट्याचं पोट किती जणांना पुरणार? या इकडे."

वजिरांनी मामा आणि आत्या घेतल्या. मेहुण्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वहिनींना घेतलं. ("निदान माझी बायको तरी माझ्याकडे द्या.") चौघे जण पलंगावर ओळीने भिंतीला टेकून बसले, एकाच रजईत, हनुवटीपर्यंत झाकलेले. कोणी खोकेना. कोणी शिंकेना.

"माझी पँट झाली का रे?" बऱ्याच वेळाने वजिरांनी विचारलं.

जावयाने रजई नाकापर्यंत ओढली. "ती गेली."

"गेली म्हणजे? सासऱ्यांसारखी?"

"नाही. ती खरंच गेली."

संध्याकाळी बायको कामावरून परतली, तेव्हा तिला पलंगावर चार घामाघूम मुंडकी दिसली.

"हे काय चाललंय?"

"हलू नकोस," तिचे वडील दबक्या आवाजात म्हणाले. "आम्ही खुडूक बसलोय."

"ते कशाला?"

"लाइट गेलीय."

बायकोने वर पाहिलं. मग चौघांनीही वर पाहिलं. छतावरचा पंखा गरगर फिरत होता. कोपऱ्यात पेटीतला बल्ब कधीपासून पेटलेला होता. पाण्याच्या वाटीला आणि रिकाम्या थर्माकोलला छान ऊब मिळत होती.

त्या दिवसापासून सासरे रोज येऊ लागले. म्हणायला बुद्धिबळाला जाताना वाटेत. वाट त्या बाजूची नव्हती. येताना सगळ्यांची विचारपूस करायचे, काचेतून बघायचे, "आज नावं वर की खाली?" विचारायचे आणि चहा घेऊन जायचे. जावईसुद्धा आता दोन-दोन वाक्यं सलग बोलू लागला होता.

अखेर एका रविवारी सकाळी पेटीतून 'चिव' ऐकू आलं. जावयाने बायकोला हाक मारली, बायकोने वडिलांना फोन केला, आणि अर्ध्या तासात सगळे पेटीभोवती जमले. वहिनी स्वतःला बघायला मुद्दाम आल्या होत्या.

पहिल्यांदा बाहेर आल्या सासूबाई. कोणाची वाट न बघता कवच फोडून ओल्या अंगाने उभ्या राहिल्या आणि लगेच मामांच्या अंड्यावर चोच मारायला लागल्या.

"तीच!" सासरे ओरडले. "अगदी तीच! दुसऱ्याला झोपू देत नाही!"

मग मामा. मग आत्या आणि मावशी एकदमच, एकमेकींच्या पायात पाय अडकवून. बायकोचं पिल्लू निघालं. वहिनी निघाल्या आणि खऱ्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांनी कवचाला एक छोटं भोक पाडलं, त्यातून चोच बाहेर काढली आणि आतूनच बराच वेळ भाषण केलं.

"दादा, ये की बाहेर," बायको म्हणाली.

"विषय पूर्ण होऊ दे," मेहुणे गंभीरपणे म्हणाले, आणि आपलं अंडं दुभंगलं तेव्हा मात्र जावयाचा खांदा इतक्या जोराने दाबला, की तो दोन दिवस दुखत होता.

राहता राहिले सासरे आणि जावई. ठळक अक्षरांच्या अंड्याला एक चीर पडली. चिरेची भेग झाली. भेगेतून एक पाय आला, मग पंख, मग भिजलेलं डोकं. आणि त्या डोक्यावर, अगदी मध्यावर, इवलासा पिसांचा गोंडा होता. तुरा येणार हे आजच दिसत होतं.

सासऱ्यांनी चष्मा काढला. या वेळी तो खरोखरच पुसायची गरज होती.

"आणि जावई?" वजिरांनी विचारलं. ते नवी पँट घालून आले होते आणि पेटीजवळच्या गरम वायरपासून जरा लांबच उभे होते.

"जावई अजून अंड्यातच आहेत," मेहुणे म्हणाले.

"घाई करू नका त्यांना," सासरे म्हणाले. "लाजाळू आहेत. इतकी माणसं बघून बाहेर येत नसतील." मग ते जावयाकडे वळले. "जावईबापू, खरं सांगतो. आज तुम्ही माझं नाव काढलंत."

जावयाचा चेहरा पांढरा पडला.

सासरे कौतुकाने बोलत होते. नाव काढणं म्हणजे नाव उजळणं, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. पण जावयाच्या मनात गेले दोन आठवडे एकच गोष्ट टोचत होती, आणि त्याला वाटलं, आपण पकडले गेलो.

"हो, काढलं," तो घाईघाईने म्हणाला. "रबरने. पण तुमच्या भल्यासाठीच काढलं. तुम्ही रिकामे होतात हो."

"मी काय होतो?"

मग सगळंच बाहेर आलं. बॅटरी, आरपार उजेड, पेन्सिलीमागचा रबर, ठळक आणि बारीक अक्षर. जावई आयुष्यात एका दमात इतकं कधीच बोलला नव्हता. शेवटी शेवटी त्याला धापच लागली.

सासऱ्यांनी उरलेलं अंडं पेटीतून उचललं आणि मेहुण्यांच्या मोबाइलची बॅटरी त्याला लावली. आत काहीच नव्हतं. उजेड या बाजूने जाऊन त्या बाजूने आरामात बाहेर पडत होता.

"म्हणजे जावई रिकामेच निघाले," मेहुणे म्हणाले, पण हळू आवाजात, आणि या खेपेला कोणी हसलं नाही.

सासऱ्यांनी ते अंडं हातात फिरवलं. मग पेटीतल्या तुरेवाल्या पिल्लाकडे पाहिलं. मग म्हणाले, "रिकामा का असेना. सगळ्या नातेवाइकांत खरा खुडूक हाच. शेवटपर्यंत जागचा हलला नाही."

त्यांनी ते अंडं जपून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. "हे मी घरी नेणार. कपाटात ठेवणार. येईल त्याला दाखवणार. म्हणणार, सगळं खानदान ज्यांनी उबवलं ते हे आमचे जावई."

आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पुढे होऊन जावयाला घट्ट मिठी मारली.

खिशात 'कच्च' असा आवाज झाला.

दोघे हळूहळू बाजूला झाले. सासऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरून पिवळा ओघळ निघाला आणि सावकाश खाली उतरू लागला. मग वास सुटला. तीन आठवडे ऊब खाल्लेल्या अंड्याचा वास. वहिनी दाराकडे धावल्या, मेहुण्यांनी नाक धरलं, आणि सासूबाईसुद्धा पेटीच्या कोपऱ्यात गप्प झाल्या.

काहीतरी करायलाच हवं होतं. जावयाने धीर केला. आता तो त्या घरात बोलणारा माणूस होता.

"सदरा द्या माझ्याकडे," तो नम्रपणे म्हणाला. "स्वच्छ धुऊन, कडक इस्त्री करून आणून देतो."

"देऊ नकोस!" वजीर दारातून ओरडले. "तसाच घरी चल! त्याच्याकडे दिलास, की सदरासुद्धा गेला म्हणून समज!"